गिलासावरचं नाव

वडील गेले आणि माय माझ्याकडे राहायला आली. मी एकुलती. हिवरा आश्रमाजवळच्या आमच्या गावातल्या घराला कुलूप लावलं, शेत बटईनं दिलं आणि ह्यांनी आणि मी मिळून तिला नांदुऱ्याला आणलं. तिच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. उजेड कुठे आणि अंधार कुठे, एवढंच तिला कळायचं. तिच्यासोबत ज्वारीचं एक पोतं आलं आणि पितळेचा एक गडवा, म्हणजे तांब्या.

लेकीला लेकरू होत नाही तोवर तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, असा आमच्याकडचा जुना रिवाज. मला मूल झालं नाही. आता पन्नाशी उलटली, म्हणजे होणारही नाही. इतर आयांनी असल्या गोष्टी केव्हाच सोडून दिल्या, पण माझी माय हट्टाला पेटली की पेटली. ज्वारी तिच्या शेतातली, म्हणून भाकर चालायची. पाणी काही गावाहून आणता येत नाही, तर त्यावर तिनं गडव्याचा तोडगा काढला होता. गडव्यावर वडिलांचं नाव होतं. लग्नकार्यात भांडी या घरची त्या घरी जातात, म्हणून विकत घेतानाच नाव घालून घ्यायची आमच्याकडे पद्धत. हे नाव छिन्नीनं टिंब टिंब ठोकून घातलेलं. पाणी पिण्याआधी माय त्या टिंबांवरून बोट फिरवायची आणि मगच गडवा तोंडाला लावायची. तिनं उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं नाही. बोटानं मात्र दिवसातून कितीदा तरी घ्यायची.

मला याचा राग यायचा, खोटं कशाला बोलू? माझ्याच घरात, माझ्याच माठातलं पाणी, आणि ते वडिलांच्या नावावर प्यायचं! म्हणजे मी कोण? पण निदान पिते तरी आहे, म्हणून गप्प बसायचे.

ऐन उन्हाळ्यात गडवा बुडाशी फुटला. डाग देऊन भोक बुजवून आणलं, पुन्हा फुटला. तिसऱ्या वेळेला डाग देणाऱ्यानं बूड अंगठ्यानं दाबून दाखवलं आणि म्हणाला, "बाई, कागद झाला याचा. आता कुठी डाग देऊ?"

त्या दिवसापासून माय विकतच्या बाटलीवर आली. विकतचं पाणी कोणाच्याच घरचं नसतं, हा तिचा हिशोब. एवढीशी बाटली सकाळपासून संध्याकाळपर्यंत पुरवायची. नांदुऱ्याचं ऊन म्हणजे काय सांगावं! तिचे ओठ फाटले, बोलताना जीभ टाळूला चिकटू लागली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पाणी वाढवा, नाहीतर किडनीवर जाईल. घरी येऊन मी तिच्यावर ओरडले.

"काऊन ओरडून राह्यली वं?" माय शांतपणे म्हणाली. "लय जड होत असन त मले माह्या घरी नेऊन घाल."

"कुलूप तरी दिसते का तुले? उघडशील कशी?"

"चाचपडत उघडन."

आणि तिनं खरंच उघडलं असतं. मी तिला ओळखून आहे. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "नवीन गिलासावर बाबाचं नाव घालून देते. मग पेशील?"

"नाव असलं त चालते," माय म्हणाली.

मी शाळेत चित्रकला शिकवते. लेझरनं कोरायचं एक लहान यंत्र हौसेनं घेतलेलं होतं. लाकडी पाट्या, किल्ल्यांच्या साखळ्या, असलं काहीबाही त्यावर करायचे. पण ते सपाट वस्तूवर चालतं. गोल गिलास कोरायचा तर त्याला रोटरी लागते. दोन रूळ असतात, त्यांवर गिलास आडवा ठेवायचा. रूळ फिरले की गिलास हळूहळू फिरतो आणि वरून लेझर चालतो. ती मागवली, आली, आणि माझी परीक्षा सुरू झाली.

यंत्र चार विटांवर उचलून घेतलं, नाहीतर गिलास खाली मावेना. लेझर पुढे-मागे सरकवणाऱ्या मोटारीची वायर काढून रोटरीला लावली. घरातल्या एका जुन्या गिलासाला कागदी चिकटपट्टी गुंडाळली आणि तिच्यावर नाव जाळून पाहिलं. अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढलेली! रूळ किती फिरावा त्याचा आकडा कॉम्प्युटरमध्ये वाढवला, तर नाव ताणून अर्ध्या गिलासाला वेढा घालून बसलं. आकडा जमला तर गिलास जागच्या जागी घसरू लागला. स्टीलच ते. सायकलच्या ट्यूबच्या दोन चकत्या कापून गिलासाला घातल्या तेव्हा त्यानं रूळ धरले. वर आणखी आपले गिलास तोंडाशी रुंद आणि बुडाशी अरुंद, त्यामुळे नाव चढ चढल्यासारखं तिरपं येई. रोटरीच्या एका बाजूला पुठ्ठ्याचे तुकडे सारत सारत वरची कड सपाट केली. हे दारातून डोकावून म्हणाले, "एवढ्यात तर मी बाजारातून नाव घालून आणलं असतं." मी म्हटलं, "तुमचं तुम्ही पाहा." त्यांचं खरं होतं. पण मला ते माझ्या हातानं करायचं होतं. तिला माझ्या घरी प्यायचंच नाही ना? मग निदान नाव तरी मी घातलेलं असू दे.

माय पलीकडच्या खोलीत खाटेवर बसून असायची. पंख्याचा, मोटारीचा आवाज ऐकून विचारायची, "झालं का वं?" तिचा आवाज दिवसेंदिवस कोरडा होत चालला होता. मी तिच्यावरच खेकसायचे, "थांब ना जरा!"

शेवटी नवा कोरा गिलास लावला. हिरवा चष्मा चढवला, खिडकी उघडली, पंखा बाहेरच्या बाजूला केला आणि सुरू केलं. लेझर संथपणे सरकत होता. एकेक अक्षर काळंभोर उमटत गेलं. वडिलांचं पूर्ण नाव, सरळ रेषेत, कुठे वेडंवाकडं नाही. मला रडू फुटलं. अरे वा गं बाई, म्हटलं, जमलं तुला!

गिलास धुतला, पुसला आणि मायच्या हातात दिला. "घे. पाह्य कसं झालं ते."

तिनं गिलास डाव्या हातात धरला आणि उजव्या हाताचं बोट त्यावर ठेवलं. हळूहळू फिरवलं. पूर्ण गोल फिरवून झालं. पुन्हा फिरवलं, या वेळी वर, तोंडाजवळून. मग बुडाशी.

"कुठी हाय?" ती म्हणाली.

मी तिचं बोट धरून नावावर ठेवलं. माझंही बोट ठेवून पाहिलं. गुळगुळीत. लेझरनं स्टील काळं केलं होतं, खोल केलं नव्हतं. इतके दिवस मी डोळे फोडून चढ-उतार पाहिले, अक्षराची जाडी पाहिली, आणि जिच्यासाठी करत होते तिला डोळे नाहीत हे माझ्या डोक्यात आलं नाही.

"आहे गं माय, नाव आहे. देवाशपथ आहे. काळं काळं दिसते."

"मले लागत नाई."

"मग मी काय करू?" मी ओरडले. माझा तोल गेला होता. "काय करू सांग! एवढं केलं, तरी तुले नाव सापडत नाही. सापडत नाही तर मर तहानेनं! माह्या घरचं पाणी म्हणजे काय विष आहे? मले लेकरू झालं नाही, तर माझं घर घर नाही का?"

इतक्या वर्षांत हे मी तिला कधी म्हटलं नव्हतं. बोलून गेले आणि मी भिंतीला टेकून खाली बसले.

मायचं बोट अजून गिलासावर होतं. आणखी एकदा तिनं ते सावकाश सगळीकडून फिरवलं आणि मग थांबवलं.

"हाव," ती म्हणाली. "याच्यावर कोणाचंच नाव लागत नाई."

मी मान खाली घालून बसले होते.

"म्हंजे तुहाच असन." तिनं गिलास माझ्या आवाजाच्या दिशेनं पुढे केला. "भर."

मी उठले. माठातून भरून आणला. देताना थोडं पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं. ती एका दमात प्याली, गळ्याच्या शिरा हलताना दिसत होत्या. पदरानं तोंड पुसलं आणि रिकामा गिलास पुन्हा पुढे केला.

"अजून दे," माय म्हणाली. "तुह्या घरचं पाणी गोड हाय वं."