साडे कुठं गेलं?

आमच्या घरमालकीणबाईंच्या दिरांना खुर्चीत टेकलेलं आपण पाहिलंय, असं सांगणारा कुणी जामखेडात भेटला, तर तो थापा मारतोय असं खुशाल समजावं. घरमालकीणबाई त्यांना भावजी म्हणत, म्हणून मीही भावजीच म्हणू लागले. गावाला ते टायपिंगचे मास्तर. आतल्या खोलीत पोरांना शिकवायची आठ खटखटी मशिनं, कोपऱ्यात एक कॉम्प्युटर, पुढच्या खोलीत एसटीडीचा बूथ आणि या सगळ्यांमधून येरझारा घालणारे भावजी. ते उभ्यानं टाइप करायचे, उभ्यानं चहा प्यायचे. जेवतानासुद्धा भाकरीचा तुकडा हातात घेऊन अंगणात चक्कर मारून यायचे. "बसा की वो भावजी, अन्न कुठं पळून चाललंय?" असं घरमालकीणबाई ओरडल्या, की हे दारातून म्हणायचे, "अन्न न्हाई पळत वैनी, डोक्यातलं पळतं!" घाईत दोन्ही चपला एकाच पायाच्या घालून जामखेडच्या बाजारातून फिरून आलेला दुसरा माणूस मला माहीत नाही. त्यातली एक माझी होती.

मी चंद्रपूरकडची. आमच्या ह्यांची पाटबंधारे खात्यातली बदली नव्वदच्या दशकाच्या शेवटाला जामखेडला झाली आणि झाडांच्या गर्दीत वाढलेली मी त्या बोडक्या माळावर येऊन पडले. ओळखीचं कुणी नाही, घरात दिवसभर भिंतींशी बोलायचं. बूथवर बसायला बाई हवी आहे असं कळलं तेव्हा मी धीर करून गेले. भावजींनी चालता चालताच विचारलं, "शिक्षण?" आणि माझ्या तोंडून "दहावी" निसटून गेलं. खरं म्हणजे आठवीनंतर आई अंथरुणाला खिळली आणि माझी शाळा चुलीत गेली. पण निसटलेला शब्द मागं घेता आला नाही. त्या दिवसापासून भावजींनी नुसतं "वैनी" म्हणून हाक मारली तरी मला वाटायचं, आज दाखला मागतात की काय!

दाखला त्यांनी कधी मागितला नाही, कारण त्यांचं सगळं लक्ष त्या कॉम्प्युटरमध्ये होतं. पुण्याच्या कुठल्याशा मासिकाबरोबर आलेल्या सीडीत त्यांना एक प्रोग्राम सापडला होता. कुणाला किती वाजता काय करायचं याची आठवण करून देणारा. जगभरच्या लोकांनी मिळून केलेला, त्याचं पोट उघडून कुणीही बघावं, चूक दिसली तर दुरुस्त करून पाठवावी. "म्हणजे फुकट," मी म्हटलं. भावजी असे थबकले, जणू मी त्यांच्या आईला काही बोलले. "फुकट न्हाई वैनी, मोकळं हाय! फुकट वाटत्यात ते प्रसाद. हे म्हंजी आडाचं पानी. कुनीबी शेंदावं, पन आडातला गाळबी सगळ्यांनीच काढायचा." असा गाळ काढून पाठवलेल्या दुरुस्तीला ते ठिगळ म्हणत. आपलं एक तरी ठिगळ त्या प्रोग्रामात लागावं, या एका इच्छेनं माणूस झपाटला होता.

ठिगळ जायचं ते फोनच्या तारेतून. बूथचाच फोन कॉम्प्युटरला लावून भावजी पुण्याला जोडायचे आणि तिथून पत्र जायचं नॉर्वेला, कारण त्या प्रोग्रामचा कारभारी तिथला. एकदा जवळच्या खर्डा गावचे एक म्हातारबाबा सांगलीकडच्या कारखान्यावर ऊसतोडीला गेलेल्या लेकाला फोन करायला येऊन बसले होते.

"मास्तर, किती येळ?"

"थांबा बाबा, नॉर्वेला चाललोय."

"मंग चालतच निघा की. या फोनपरीस लवकर पोचाल!"

पत्र सुटलं, की भावजी बाहेर धावत जाऊन तारेकडं बघत कोपऱ्यावरच्या खांबापर्यंत जायचे. "गेलं का?" असं मी विचारलं तर अगदी गंभीरपणे सांगायचे, "खांबापत्तुर तरी गेलं."

त्याच सुमारास घड्याळाचा घोटाळा झाला. भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा, तर प्रोग्राम म्हणायचा दहा. भावजींनी मुळीच वेळ न दवडता घड्याळ अर्धा तास मागं केलं. यंत्र कसं चुकेल! आठवडाभर टायपिंगची पोरं साडेपाचच्या गाडीला हात दाखवत तिच्या धुरामागं पळाली. शेवटी एका पोरीचे वडील क्लासात येऊन उभे राहिले. "मास्तर, जामखेडात आता तुमचा टाइम निराळा हाय का?"

भावजींनी प्रोग्रामाच्या पोटातला सगळा मजकूर छापून काढला. त्यांची पद्धत अशी, की मी वाचायचं आणि त्यांनी फेऱ्या मारत ऐकायचं. माझं इंग्रजी आठवीचं, त्यामुळं एकेक अक्षर लावत मी वाचत होते. प्रत्येक पावलाला भीती, की आता उच्चारावरून पकडलं जाणार. वाचता वाचता देशांची यादी आली. कुठल्या देशाचं घड्याळ इंग्लंडच्या किती तास पुढं, किती मागं. इंडियापुढं नुसता पाच. माझ्या बूथमध्ये परदेशी फोनांसाठी तसलाच तक्ता चिकटवलेला होता, रोज डोळ्यांपुढं. मी भीत भीत म्हटलं, "भावजी, साडे कुठं गेलं?"

"कसलं साडे?"

"आपलं साडेपाच असतं ना? इथं नुसतंच पाच लिहिलंय."

भावजी उभे राहिले. म्हणजे खरंच, न हलता. मग एकदम टाळी वाजवून ओरडले, "अगं आई गं! वैनी, या लोकांनी साडेला जागाच ठेवली न्हाई! आपल्यात दीड, अडीच, साडेतीन पोरासोरांच्या तोंडात. आन् हे बिचारे निस्ते पुऱ्या तासावर जगत्यात!"

दुरुस्ती दोन दिवसांत झाली, पण पत्राला आठवडा लागला. 'रिस्पेक्टेड सर' पासून 'युअर्स ओबिडियंटली' पर्यंत अर्ज लिहून त्यांनी सबंध प्रोग्रामच पाठवून दिला. उत्तर एका ओळीत आलं. फक्त बदललेलं तेवढंच पाठवा, आणि चूक कुणी शोधली त्याचं नाव कळवा, आभाराच्या यादीत घालू. भावजी दुखावले. "निस्तं ठिगळ कसं धाडायचं? सबंध सदरा असला तर बसतंय का बघता येतं." तरी त्यांनी नवं पत्र लिहिलं आणि मला मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यात चूक शोधणारी म्हणून सौ. लावून माझं पूर्ण नाव आणि त्यापुढं 'एस.एस.सी. पास' असं होतं.

 हे आता साऱ्या जगात जाणार. खोटं ठेवावं तर ते माझ्या नावासकट कायमचं छापलं जाणार, खरं सांगावं तर बूथ जाणार आणि मी परत त्या भिंतींशी बोलत बसणार. मी रडतच सांगितलं, "भावजी, दहावी खोडा. मी आठवीच शिकलेय. खोटं बोलले होते. उद्यापासून नाही येत."

भावजींनी दोन फेऱ्या मारल्या. मग वैतागून म्हणाले, "मला एक सांगा, चूक तुमी पकडली का दहावीनं?"

"मी."

"मंग? पुन्यांदा टाइप कराया लावलं उगंच! आन् उद्या लवकर या, नगरवरनं मानूस यायचाय फोन तपासाया." त्यांनी उभ्या उभ्या तेवढेच दोन शब्द पुसले आणि फोन जोडला.

नॉर्वेहून उत्तर आलं ते भलतंच. दुरुस्ती घेतली, 'सौ' यांचे आभार, पण हे खरंच नाव आहे का? आमच्या भाषेत सौ म्हणजे मेंढी! घरमालकीणबाई पदर तोंडाला लावून हसल्या. भावजींनी मात्र सौभाग्यवती म्हणजे काय यावर एक पानभर पत्र लिहिलं. ते त्या कारभाऱ्याला कितपत कळलं देव जाणे, पण त्यानं सौ काढून टाकलं. पुढच्या सीडीतल्या यादीत मी माझं नाव बोट ठेवून वाचलं. आधी सौ. नाही, नंतर दहावी नाही, मधलं नुसतं माझं.

पुढच्याच उन्हाळ्यात ह्यांची बदली धुळ्याकडं झाली. तिथं एका कचेरीत फॉर्म भरताना 'शिक्षण' या रकान्यापाशी पेन सवयीनं अडलं. मग मी 'आठवी' लिहिलं, आणि कारकुनानं विचारायच्या आत म्हटलं, "हो, आठवीच." त्यानं मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. शिक्का मारला आणि कागद पुढं सरकवला. एवढ्याशा गोष्टीला मी इतके दिवस भीत होते! बाहेर येऊन पहिल्यांदा वाटलं, की हे भावजींना कळवावं. पत्र लिहायलाही घेतलं, पण 'ती. भावजींस' एवढं लिहिल्यावर पुढं काय लिहायचं ते सुचेना. तो कागद अजून माझ्याकडं तसाच आहे.