पुस्तकापेक्षा जाड टिपणं

आमच्या ह्यांचा फ्रीज दुरुस्तीचा धंदा. पण वेड पुस्तकांचं. कथा-कादंबऱ्या नकोत, प्राणी, समुद्र, मेंदू असलं काहीतरी हवं. आणि वाचता वाचता सगळं लिहून काढायचं. एक ओळ सोडतील तर शपथ! "ही पण महत्त्वाची आहे गं," असं म्हणत म्हणत टिपणं मूळ पुस्तकापेक्षा जाड व्हायची. मी म्हणायचे, "अहो, मग छापखानाच काढा की!"

एवढं लिहून डोक्यात काय राहायचं? भोपळा! वाचनालयात दर रविवारी कुणीतरी एक जण वाचलेलं पुस्तक सगळ्यांना सांगतो. मागच्या खेपेला हे उभे राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना. वहीची पानं उलटताहेत, उलटताहेत, शेवटी घाम पुसत खाली बसले. घरी येऊन म्हणाले, "आता एकदाच बघतो. नाही जमलं तर कार्ड परत करून टाकतो. वाचणं बंद. हे आपलं काम नव्हे." पुस्तकाशिवाय हा माणूस करणार काय?

या वेळचं पुस्तक होतं ऑक्टोपसवर. मी वही काढूनच घेतली. "मी शिवायला बसते. तुम्ही पुस्तक मिटून मला सांगा. मी जिथं अडवीन तेवढंच लिहायचं."

काय मजा आली म्हणून सांगू!

"त्याला तीन हृदयं असतात."

"तीन? अगंबाई, इथं एक सांभाळता सांभाळता नाकी नऊ येतात!"

हे त्यांनी लिहिलं.

"त्याच्या हातांनाही बुद्धी असते. दर वेळी मेंदूला विचारत बसत नाहीत."

मी मशीनवरूनच ओरडले, "मग मी कोण? हात बाही जोडतायत आणि डोकं स्वयंपाकघरात!" हे इतके हसले की पेन्सिल खाली पडली. रविवारपर्यंत सगळी टिपणं एका कागदावर मावली आणि पुस्तक आम्हा दोघांना तोंडपाठ झालं.

रविवारी खोली गच्च भरलेली. हे उभे राहिले, "ऑक्टोपस..." म्हणाले आणि गप्प. चेहरा पांढराफटक. कागदासाठी खिशात घातलेला हात बाहेरच येईना. ग्रंथपाल बाई हळूच म्हणाल्या, "राहू द्या हं, पुढच्या वेळी सांगा." पुढची वेळ येणारच नव्हती, ते मलाच ठाऊक. माझं डोकं फिरलं. ताडकन उठले आणि धडधडीत खोटं ठोकून दिलं, "मी सांगते! ऑक्टोपसला आपल्यासारखं एकच हृदय असतं. आणि हात म्हणजे अगदी बिनडोक!"

"काहीतरीच काय!" हे कडाडले. "तीन हृदयं! आणि हातांना स्वतःची अक्कल असते!"

झालं! गाडी सुटली ती थांबेचना. माझं मशीन, माझी बाही, सगळं चव्हाट्यावर मांडलं. लोक खो खो हसले, प्रश्नांवर प्रश्न विचारत सुटले. बंद करायची वेळ झाली तरी कुणी उठेना. मला तर तिथंच नाचावंसं वाटत होतं.

परतताना काखेत नवं पुस्तक, पण स्वारी घुश्श्यात. "चारचौघांत काय बोललीस ते! इतकं सांगूनही तुझ्या लक्षात राहिलं नाही?"

"नाही बाई राहिलं," मी हसू दाबत म्हटलं.

"मग उद्यापासून तूपण टिपणं काढ," हे म्हणाले. "कशी काढायची ते मी शिकवतो."