न मानवणारी मुलं

माझा धाकटा भाऊ ओडेल शाळेचा शिस्तप्रमुख झाला, तेव्हा मी इतकी हसले की समोरच्या गिऱ्हाइकाची अर्धी घातलेली वेणी हातातून सुटली. चर्चमध्ये खिदळतो म्हणून आईने ज्याला दर रविवारी कान धरून बाहेर काढलं, तो आता लेकरांना गप्प बसवायचा पगार घेणार!

शाळा माझ्या वेण्यांच्या दुकानाला लागूनच. पूर्वी तिथे गाद्या विकायचे. आता तिच्या नावात ‘शिखर’ आहे. जिना मात्र एकच, तोही तळघरात उतरतो. चार्टर शाळा म्हणजे पैसा सरकारचा, कारभार खाजगी मंडळींचा आणि तोराही त्यांचाच. फिलाडेल्फियातल्या आमच्या वस्तीतल्या आया तिथे प्रवेशाच्या सोडतीत पोराचा नंबर लागावा म्हणून देवाला साकडं घालायच्या. लागला की रस्त्यात रडायच्या.

आणि तिथे मिळतं काय? निळा टाय. प्रत्येक वर्गाच्या दारावर एका बड्या विद्यापीठाचं नाव. एक व्हायोलिन आहे. पाहुणे आले की ते कपाटातून निघतं, एखाद्या गोड पोरीच्या हनुवटीखाली जातं, फोटो झाला की परत कपाटात. वाचनालय नाही. मैदान विचाराल तर मागचं पार्किंग. मुलांना मुलं म्हणायचं नाही, ‘विद्वान’ म्हणायचं. सहा वर्षांचं शेंबडं पोर आणि म्हणे विद्वान! जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवलीय, तिच्यावरून गाल फुगवून चालायचं. गालात हवा भरली की तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून ही युक्ती. भिंतीपलीकडून दिवसभर आमच्या ओडेलचा आवाज यायचा, “विद्वानांनो, रेषेवर! विद्वानांनो, गाल!” माझी गिऱ्हाइकं पोट धरून हसायची. मला हसू येईनासं झालं, ते त्याचं दुसरं काम कळल्यावर.

वसंतात सरकारी परीक्षा असते. तिच्या आधी दरवर्षी काही मुलं शाळेला नकोशी होतात. शाळा कुणाला काढत नाही हं, छे! ओडेल आईला बोलावतो, टिश्यूचा डबा पुढे सरकवतो आणि मधात बुडवलेल्या आवाजात सांगतो, “ताई, मूल गुणी आहे हो तुमचं. पण ही शाळा त्याला मानवत नाही.” ताई रडते, स्वतःच सही करते, पोराला घेऊन जाते. मग उन्हाळ्यात शाळेबाहेर हा मोठा फलक लागतो, आमचे सगळे विद्वान उत्तीर्ण!

“मानवत नाही म्हणजे काय रे?” मी त्याला एकदा झापलं. “शाळा आहे का कोळंबी, अंगावर पित्त उठायला?”

“लोरेन, तुला शिक्षणातलं कळत नाही,” असं म्हणून तो टाय सारखा करायला लागला. मोठा आला शिक्षणातलं कळणारा!

त्याचा स्वतःचा मुलगा आमारी तिथेच तिसरीत होता. गोड पोर. गणित करताना गुणगुणतं, वाचताना ओळीवर बोट ठेवतं आणि सावकाश वाचतं. गुणगुणण्याबद्दल शिक्षा व्हायच्या आणि सावकाश वाचण्यामुळे परीक्षेत नापास होईल ही शाळेला भीती. संस्थापक स्टॅनहोपसाहेब, कालपर्यंत बँकेत होते म्हणे, त्यांनी ओडेलला सांगून टाकलं, नियम सगळ्यांना सारखे, तुमच्या पोरालाही.

हे मला ओडेलनेच रविवारी जेवताना सांगितलं, बायको स्वयंपाकघरात असताना. मी म्हटलं, “मग तूही सांग त्यांना. माझ्या पोराच्या वाटेला जायचं नाही म्हणावं. एवढं एक कर जन्मात.”

“बघतो,” तो म्हणाला.

त्याने काय बघितलं, ते मंगळवारी कळलं. त्याची बायको निकीया दुकानात आली, चेहरा दगडासारखा. “वन्सं, चला माझ्याबरोबर. मला शाळेतून फोन आलाय. माझ्या नवऱ्याचा.”

ओडेल टेबलापलीकडे बसला होता. काचेच्या दाराबाहेर स्टॅनहोप हाताची घडी घालून उभा. मला वाटलं, आता तरी हा उठेल, टाय काढून टेबलावर फेकेल. माझा भाऊ आहे शेवटी.

“बसा, मिसेस व्हिटफील्ड,” तो म्हणाला.

“कोण मिसेस व्हिटफील्ड? सकाळी मोजे सापडेनात तेव्हा निकी होते मी!”

त्याने टिश्यूचा डबा पुढे सरकवला. देवाशपथ, सरकवला. “आमारी गुणी विद्वान आहे. पण...”

“बोल की. अंथरुणात पडून आढ्याकडे बघत होतास, तेव्हा बोलवलं नाही ना? इथे बोल.”

त्याने दाराकडे पाहिलं आणि म्हणाला, “ही शाळा त्याला मानवत नाही.”

“अरे मेल्या!” मी ओरडले. “पोटच्या पोराला?” स्टॅनहोपने बाहेरूनच मान हलवली, छान झालं अशी. निकीया रडली नाही. तिने पेन मागितलं, सही केली आणि डबा उचलून त्याच्या मांडीवर ठेवला. “तुला लागेल,” म्हणाली.

आमारी आता पलीकडच्या गल्लीतल्या सरकारी शाळेत जातो. तिथेही काही सोन्याचा धूर निघत नाही. वर्गात दाटी, छत गळतं, नळावर ‘पाणी पिऊ नये’ अशी पाटी. ओडेल आहे तिथेच आहे. बढती मिळाली म्हणे त्याला. अशा माणसाला मिळणारच.

त्या मंगळवारनंतरच्या रविवारी सगळे माझ्याकडे जेवायला होते. निकीया त्याच्याशी बोलत नव्हती, मीही नाही. तो खाली मान घालून चिकनचं हाड चिवडत बसला होता. आमारी त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग आपली खुर्ची ओढत त्याच्या शेजारी नेली.

“डॅडी, तुला त्या शाळेत कुणी रागावतं का?”

“नाही रे.”

“रागावलं तर घाबरू नको,” पोर त्याच्या पाठीवर हात फिरवत म्हणालं. “तू पण आमच्या शाळेत ये. तिथे सगळ्यांना घेतात.”