मेहकरची उशी, फिक्स रेट

माझ्या नणंदेने, वंदनाने, कापसाच्या उशांचा ब्रँड काढला त्याला दीड वर्ष झालं. या दीड वर्षात ऑर्डरी किती आल्या ते विचारू नका, किस्से मात्र पोतंभर जमले. एक सांगायला घेतला की त्याच्या मागे दुसरा येतो, आणि सांगता सांगता माझं डोकं पुन्हा तापतं. घरचे म्हणतात, "आता सोडा ना!" कसं सोडू?

आधी माणसं सांगते. वंदना वीस वर्षं मेहकरात ब्लाउज शिवत होती, फॉल-पिको करत होती. एक दिवस मला म्हणाली, "वहिनी, लोकाइच्या बाह्या सैल अन् घट्ट करतच मी म्हातारी होऊन राह्यली. मले माह्या नावाचं कायतरी इकायचं हाय." शेजारच्या कमलकाकूंचा हात कापूस भरण्यात आणि कशिद्यात बसलेला. मी शाळेत शिकवते, म्हणून लिहायचं आणि फोनवर बोलायचं काम माझ्याकडे.

वंदनाच्या दोनच अटी. उशीवर मेहकरचं नाव राहील आणि भाव कोणासाठीही कमी होणार नाही. "यातली एक जरी मोडली, तर समजा मी परत ब्लाउजच शिवून राह्यली."

*

सुरुवातीला आम्हाला वाटलं, एखाद्या जाणकाराला विचारावं. फी द्यायची ऐपत नव्हती, म्हणून भाच्याच्या ओळखीतला एक पुण्याचा ब्रँडिंगवाला फुकटात व्हिडिओ कॉलवर आला. कानात ते पांढरं यंत्र, मागे पुस्तकांचं कपाट.

"ताई, प्रीमियम फील पाहिजे. सगळ्यात आधी लोकेशन हाइड करा. मेहकर म्हटलं की कस्टमरच्या डोळ्यासमोर एसटी स्टँड येतो."

मग त्याने एक फ्रेंच नाव सुचवलं. दोनदा उच्चारलं, दोन्ही वेळा वेगळं!

वंदना म्हणाली, "दादा, कापूस इथला, शिवणारी इथली. मंग नाव काऊन परदेशातलं?"

"तेच तर ब्रँडिंग, ताई!"

अर्धा तास त्याने आम्हाला आमचं गाव लपवायला शिकवलं. कॉल संपल्यावर मी भाच्याला विचारलं, हा पुण्यात कुठे राहतो? तो म्हणाला, "आता कोथरूडले राह्यते. पण थो आपल्या जिल्ह्यातल्या उंद्रीचा हाय ना! आई-वडील अजून तिथंच हायेत."

*

फोटो चांगले हवेत, हे मलाही पटत होतं. पण आमच्यापैकी कोणाच्याच घरी फोटोत शोभेल असा पलंग नाही. ओळखीच्या एका फर्निचर दुकानदाराने दर्शनी काचेतला मोठा गादीदार पाठीचा पलंग वापरायला दिला. "फक्त दुकान चालू राह्यील," म्हणाला.

आम्ही पांढरी चादर अंथरली, चार उशा मांडल्या, काकूंनी शेजारी तांब्यात झेंडू ठेवला. मी मोबाइल घेऊन स्टुलावर चढले. तेवढ्यात एक कुटुंब लग्नाचा पलंग बघायला आलं. नवरदेवाचे वडील सरळ येऊन आमच्या सेटवर बसले, दोनदा उसळून बघितलं आणि पाय वर घेतले.

"शेवटचा भाव सांगा," ते दुकानदाराला म्हणाले.

"भाव तोच, काका. पण तुमच्यासाठी या चार उश्या फ्री!"

आमच्या उशा! पहिल्यावहिल्या! मी स्टुलावरून ओरडले, "ओ भाऊ!" वंदनाने दोन उशा छातीशी धरल्या, काकूंनी दोन. नवरदेवाच्या वडिलांनी आमच्याकडे बघून मान हलवली आणि दुकानदाराला म्हणाले, "तुमच्या दुकानातल्या बाया लय भांडखोर हायेत."

*

बुलढाण्याच्या प्रदर्शनात आम्ही तीन दिवस स्टॉल लावला. दिवसभर लोक उशी दाबून बघायचे आणि पुढे जायचे. एका माणसाने तर डोकं टेकवून, डोळे मिटून, शांतपणे सांगितलं, "चांगली हाय. घ्यायची नाई."

पण खरा संताप दुसऱ्या दिवशी आला. संग्रामपूरकडचे एक गृहस्थ सकाळी उशीवरचं नाव, डबा, कार्ड, सगळं वाचून गेले. मला वाटलं, हे नक्की घेणार. दुपारी परत आले ते खांद्यावर गाठोडं घेऊन. सोडलं तर आत कापूस!

"हा माह्या भाच्याच्या घरचा. कापूस आमचा भरा, शिलाई सांगा, अन् डब्बा तेवढा तुमचा द्या."

मी म्हटलं, "काका, हा ब्रँड आहे. आम्ही तयार उशी विकतो."

"थे कळलं ना. ब्रँडच पाह्यजे मले. कापूस कायले इकत घेऊ?"

चूक त्यांचीही नाही म्हणा. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या घरचाच कापूस पिंजाऱ्याकडे नेऊन गादी भरून आणतात. पण तीन महिने खपून केलेला आमचा डबा त्यांना पिंजाऱ्याच्या मजुरीवर हवा होता! वंदनाने हात जोडले. ते रागावून गेले आणि जाताना शेजारच्या लोणच्याच्या स्टॉलवर सांगून गेले, "यायले धंदा करता येत नाई."

*

विकल्या गेलेल्या उशांचीही तऱ्हाच. एक बाई फोनवर तावातावाने बोलायला लागल्या. "मॅडम, तुमच्या उशीनं रातभर झोप नाई. कड बदलली की चुर्र-चुर्र वाजते. अन् घाम किती! हे तुमचं प्रीमियम?"

माझा चेहरा पडला. कापसाची उशी वाजेल कशी? काकूंनी भरताना काही आत राहिलं की काय? काकूंना तर रडूच फुटायचं बाकी होतं. मग मला शंका आली.

"ताई, वरची प्लास्टिकची पिशवी काढली ना?"

पलीकडून एकदम वरच्या पट्टीत, "काऊन काढू? नवीकोरी वस्तू हाय, खराब नाई होणार?"

*

लग्नसराईत मला मोठी आशा होती. रुखवतात नवरीसोबत जाणाऱ्या वस्तू मांडतात, तिथे आमच्या उशा शोभून दिसतील. आणि एक ऑर्डर खरंच आली! मुलीचे मामा स्वतः घरी आले. डबे उघडून बघितले, रेशमी फीत बघितली, खूश झाले. आत किंमत लिहिलेली चिठ्ठी होती, ती मी शिष्टाचार म्हणून काढायला लागले.

"अवं, काढू नका! उलट बाहेरून लावा. अजून मोठी करा. पाहुण्याइले दुरून दिसली पाह्यजे."

बरं, तेही केलं. मोठ्या अक्षरात किंमत लिहिली. मामा निघाले तेव्हा वंदना पावती करायला बसली. मामा म्हणाले, "पावती कायले? भाडं किती थे सांगा. मांडव उतरला की परवा सकाळी वापस आणून देतो."

भाडं! उशीचं! तो दिवस वंदनाला फार लागला. दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले, तर मशीनवर एक परका हिरवा ब्लाउज होता. तिने घाईने त्यावर टॉवेल टाकला. मी बाजूला बसून उशांच्या खोळी मोजायला घेतल्या.

*

आणि मग या उन्हाळ्यात पुण्याच्या एका शोरूमच्या मालकीणबाई आल्या. स्वतःच्या गाडीने, ड्रायव्हर घेऊन, भर दुपारी. दोनशे उशांची ऑर्डर! आम्ही तिघींनी हारतुरे घेऊन दारात उभं राहायचंच काय ते बाकी होतं.

बाईंनी नमुन्याची उशी हातात घेतली. छापील लेबलं हजार नगांच्या खाली कोणी करून देईना, म्हणून काकू प्रत्येक उशीवर जाड दोऱ्याने, साखळीच्या टाक्यात 'मेहकर' भरायच्या. चांगली ठसठशीत, बोटाला लागणारी अक्षरं.

"क्वालिटी छान आहे हं. पण हे मेहकर वगैरे नको. आमचं लेबल लावू. आणि रेट निम्मा करा. गावाकडे तुम्हाला खर्च असा काय असतो?"

काय असतो? मी तोंड उघडलं होतं, पण वंदनाने माझा हात दाबला. "मॅडम, उन्हाच्या आल्या तुमी. आधी जेवून घ्या, मंग बोलू."

बाई वांग्याची भाजी आणि तीन पोळ्या जेवल्या. कूलर चालू होता. "दोनच मिनिटं पाठ टेकते," म्हणून आतल्या खोलीत खाटेवर आडव्या झाल्या. डोक्याखाली तीच नमुन्याची उशी.

दोन तास झाले. ड्रायव्हर दोनदा खिडकीतून डोकावून गेला. "मॅडम दुपारी कधीच झोपत नाहीत हो," म्हणाला. आम्ही ओट्यावर बसून वाट बघत होतो. वंदना नखं कुरतडत होती.

शेवटी बाई बाहेर आल्या. केस विस्कटलेले, पण आवाज तोच.

"ठीक आहे, रेट तुमचा. दोनशे उशा. पण लेबलचं माझं फायनल आहे. मेहकर हे नाव कुठेही दिसता कामा नये."

आम्ही तिघी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिलो. डाव्या गालावर, कानापासून पार ओठापर्यंत, लालभडक अक्षरं उमटली होती. एकाच मात्रेचं साधं नाव, टाका न् टाका मोजून घ्यावा असं!

वंदना उठली. "मंग ऑर्डर नको, मॅडम. नाव नाई निघणार."

"अहो, विचार करा. एवढी ऑर्डर तुम्हाला..."

कमलकाकूंनी भिंतीवरचा आरसा काढून त्यांच्या हातात दिला. आम्हाला गालावर उलटं दिसणारं नाव आरशात अगदी सुलटं होतं. बाईंनी बराच वेळ बघितलं. बोटाने चोळलं, पदराने पुसलं, पुन्हा बघितलं.

"हे कधी जाईल?"

"झोप चांगली लागली असंल," वंदना म्हणाली, "तर लय वेळ राह्यते."