फ्लेक्सवर 'प्राऊड ऑफ'च पाहिजे!

आमच्या घराण्यात इंग्रजी एकट्या मला येतं. नांदुऱ्यात कोणालाही विचारा. (माझी बायको सोडून.)

पुतणी निकिता पोलीस भरतीत लागली. घराण्यातली पहिली वर्दी! मी आनंदानं रडलो. वहिनी म्हणाली, "भाऊजी, उद्या सकाळच्या गाडीनं येते पोरगी. उतरल्याबरोबर तिले तिचा फ्लेक्स दिसला पाह्यजे." मी म्हटलं, "समजा लागला!"

फ्लेक्सच्या दुकानात पोरीचा फोटो झकास बसला होता. वर 'पोलीस दलात निवड झाल्याबद्दल अभिनंदन'. पण खाली? 'वी आर प्राऊड ऑन यू'!

"ऑन? ऑन काऊन बे?"

"सर, साऱ्याच फ्लेक्सवर ऑन टाकतो. कोनीच वापस नाही आनला."

"प्राऊडच्या मागं ऑफ येते! गावाची इज्जत घालवतं का? अन् मोठं कर, लांबून दिसलं पाह्यजे."

"मंग पोरीचा फोटो बाजूले काढा लागते."

"काढ! अक्षरं बसली की लाव परत."

तेवढ्यात घरून फोटो यायला लागले. खाली शुभेच्छुकांची रांग नसेल तर आमच्याकडे त्याला फ्लेक्स म्हणतच नाहीत. मामा आले, साडू आले. आत्याच्या मालकांचा फोन आला, "माहा गॉगलवाला टाकजा!" मी मात्र 'ऑफ'वरची नजर हटू दिली नाही.

"सर, मधात जागा उरली न."

"ऑर्डर कोणाची हाये?"

"तुमची."

"मंग इचारतं काय?"

माझा कोट-टायमधला फोटो मधोमध बसला.

"पोरीचं नाव नाही टाकलं, सर."

"अबे, 'यू' म्हंजे तेच ना!"

सकाळी स्टेशनबाहेर फ्लेक्स उलगडला. वहिनीनं या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"भाऊजी, निकिता कुठी हाये?"

"गाडीत असंल."

"फ्लेक्सवर!"

वहिनीचे डोळे भरून आले. मेल्याहून मेल्यासारखं झालं हो मला!

तोवर निकिता बाहेर आली. फ्लेक्सकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं अन् पोट धरून हसत खालीच बसली. "काका, इंग्रजी मात्र कडक हाये!" मग वहिनीलाही हसू आवरेना. माझा जीव भांड्यात पडला.

इतक्यात एक अनोळखी रिक्षावाला पुढं आला. फ्लेक्स वाचला, मधला फोटो न्याहाळला आणि माझा हात गच्च धरला.

"मानलं सर तुमाले! या वयात पोलिसात लागले!"

मी ताबडतोब पोट आत घेतलं.