डब्याच्या तळाची मूठ

हिराताई गेल्याचा फोन तिच्या महेशनं केला. ‘काकी, आई गेली,’ एवढंच बोलला. माझ्या तोंडून निघालं काय, तर ‘राजाला कुणी खायला घातलं? डबा कुणी उघडला?’ पण खरं सांगते, ताई असती तर तिनंही पहिलं हेच विचारलं असतं.

खारी गावात आमची बिल्डिंग उभी आहे, ती जागा एकेकाळी ताईच्या सासऱ्यांची भातशेती. तळमजल्यावर ती, वर आम्ही, चिपळूणकडून आलेले. पहिल्याच दिवशी तिनं मला नखशिखांत न्याहाळून विचारलं, ‘मच्छी खाता ना?’ हो म्हटल्यावर जरा सैल झाली. बाईचा स्वभावच संशयी. दूधवाला पाणी घालतो, वॉचमन खोटं बोलतो, गॅसवाला सिलिंडर अर्धा आणतो... विश्वास फक्त राजावर, तिच्या तपकिरी कुत्र्यावर. महेश राजासाठी कोरड्या खाण्याची मोठी पिशवी आणायचा आणि ताई ती तांदळाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात ओतायची. ती डोंगरीला बहिणीकडे राहायला गेली, की राजाला घालायचं काम माझं. आणि नेमकं मी घातलं, की तो ओकायचा. एकदा झालं, पुन्हा झालं, पुढच्या खेपेला तर सलाईनच लावावं लागलं.

ताई माझ्या दारात आली. ‘हात दाखव.’ मी दाखवले. उलटसुलट करून पाहिले तिनं. ‘काय लावलं व्हतंस गो? मी घालते तवा त्याला काय व्हत न्हाय.’ डोकंच फिरलं माझं! इतकी वर्षं हिच्या हातचं बोंबलाचं कालवण खाल्लं आणि आता मी मुक्या जनावराला विष घालणारी? डब्याला कुलूप लागलं. ती समोर दिसली की मी मान फिरवायचे आणि घरी येऊन रडायचे. मग मलाही भलतंसलतं सुचायला लागलं. वॉचमन तर नसेल? महेशलाच कुत्रं नकोसं झालं नसेल? शी! त्या दिवसांत मी कुणाकडेच सरळ नजरेनं पाहिलं नाही.

शेवटी एका दुपारी मीच खाली गेले. ‘कुलूप काढ. माझ्यासमोर डबा पालथा कर.’

ताई डब्यावर हात ठेवून उभी. ‘रिकामा न्हाय करायचा. आमच्यात धान्याचा डबा कदी रिकामा करत न्हाईत.’ तिच्या सासरची रीत ती. तळाशी मूठभर ठेवायचं आणि नवं त्यावर ओतायचं, म्हणजे घरातली बरकत जात नाही. मी कसली ऐकतेय! वर्तमानपत्र पसरून डबा उपडा केला. वरचं खाणं खडखडत पडलं आणि शेवटी तळाचा काळपट, तेलकट गठ्ठा... बुरशी धरलेला. खवट तेलाचा असा भपकारा आला की मी पदर नाकाला लावला. किती पिशव्यांपूर्वीची ती मूठ, देव जाणे. ताई वाटीनं वरवरचं काढायची. मी मात्र तांदळासारखं तळापासून ढवळून घ्यायचे, त्यामुळे ती घाण राजाच्या पोटात जायची. मला तर कुत्र्याचं सगळंच खाणं वासाचं वाटायचं. पण हिला?

‘ताई, एवढा वास तुला कळला नाही?’

ती खालीच बसली. ‘नाकाला काय कळतच न्हाय गो आता. कुनाला सांगितलं न्हाय.’

दूध नासलंय का, गॅस गळतोय का, काही म्हणजे काही त्या बाईला कळत नव्हतं. मग ती संशय नाही घेणार तर काय करणार... माझा राग तिथंच विरघळला.

चुकलं असं काही ती म्हणाली नाही. तिनं डबा घासला, उन्हात खडखडीत वाळवला. नवं खाणं पिशवीसकटच आत ठेवलं, पिशवीचं तोंड दुमडून कपड्यांचा चिमटा लावला. आणि कुलपाची दुसरी किल्ली माझ्या हातात ठेवली. ‘रोज येऊन वास घेत जा.’ तेव्हापासून मी वास घेतल्याशिवाय राजाचं ताट भरलं गेलं नाही.

आता राजा आणि डबा, दोघंही माझ्याकडे आहेत. ताई असताना डबा धुवायचं काम तिचंच. परवा पिशवी संपली म्हणून मी पहिल्यांदा तो धुवायला काढला, तर तळाशी फडक्यात घट्ट बांधलेली पुरचुंडी. सोडली. आत मूठभर तांदूळ! माझ्यापासून लपवून बाईनं डबा रिकामा होऊ दिलाच नव्हता. आधी हसले, मग भडभडून आलं. डबा वाळल्यावर ताजे तांदूळ त्याच फडक्यात बांधून तळाशी ठेवले, वर नवी पिशवी ठेवली. तेवढ्यात महेश आला. राजाला कुरवाळत म्हणाला, ‘काकी, आज मी घालतो त्याला.’ आणि डब्याकडे वळला.

मी आडवी आले. ‘आधी हात दाखव.’