सुनीताच्या हातांची बोली

मागच्या मंगळवारी धारूरजवळच्या एका वस्तीवर गृहभेटीला गेले होते. मी अंगणवाडी सेविका... पिशवीत कापडी चेंडू, बाटलीत हरभरे घालून केलेला खुळखुळा आणि एक चित्रांचं पुस्तक. एवढ्यावर आमचं काम चालतं.

घर सुनीताचं. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. तिचा शिवम दोन वर्षांचा झाला तरी तोंडातून एक शब्द नाही. त्याचे कान तपासून आणले होते, ते चांगले निघाले.

"मायच मुकी, पोरगं कुणाचं ऐकून बोलंल?" सासू म्हणाली. "दिंद्रुडला त्याच्या आत्याकडं ठिवतो. तिथं चार लेकरं हायेत, बोलाय लागंल."

खरं सांगते... हा सल्ला महिन्यापूर्वी मीच दिला होता.

सुनीता दारात उभी होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण शिवमच्या कपड्यांची भरलेली पिशवी तिला दिसत होती.

मी पुस्तक उघडलं. शेळीचं चित्र येताच शिवमने डोक्याला शिंगांसारखी दोन बोटं लावली. मग ओंजळ तोंडाशी नेली आणि आईकडे बघत बाहेर बोट केलं. सुनीता लगेच पाणी घेऊन गेली... बाहेर बांधलेल्या शेळीची बादली कोरडी पडली होती.

दोन वर्षांच्या लेकराने अख्खं वाक्य सांगितलं होतं. आणि मी त्याच्या नावापुढे 'बोलत नाही' लिहून मोकळी झाले होते.

"मावशी, माझं चुकलं," मी म्हटलं. "लेकराला आईपासून तोडू नका. तिची भाषा त्याला येते. तोंडाचं बोलणं आपण शिकवू, तुम्ही घरी अन् मी अंगणवाडीत."

सासूबाईंनी पिशवी जवळ ओढली. आतले कपडे काढून परत दोरीवर टाकले. सुनीताने शिवमला उचलून घट्ट धरलं. माझ्याकडे पाहिलंही नाही... तिचं बरोबरच होतं.

काल परत गेले. शिवम अजून बोललेला नाही, वेळ लागेल. पण सासूबाईंनी मला बाजूला घेतलं. "बाई, ती अशी छातीवर हात ठिवती, म्हंजी काय म्हणती?"

मलाही माहीत नव्हतं. म्हटलं, "तिलाच विचारू."

आम्ही दोघी तिच्यासमोर जाऊन बसलो. लग्नाला चार वर्षं झाली, त्या घरात सुनीताला कुणीतरी पहिल्यांदाच काही विचारत होतं...

ट्रेनिंगमध्ये राहून गेलेलं मला एका लेकराने शिकवलं. त्याचे आभार हातांनी कसे मानायचे, ते आता त्याच्या आईकडूनच शिकेन.